बरी न होणारी जखम, वाहता कान आणि बायोफिल्म : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"गोळ्या खाल्ल्या की वाळते, गोळ्या संपल्या की पुन्हा चिघळते." वर्धा, यवतमाळपासून पार गडचिरोलीपर्यंत कुठल्याही ग्रामीण दवाखान्याच्या ड्रेसिंग खोलीत बसा, हे वाक्य कानावर येतंच. जखम पायाची असो, हाडाची असो की तक्रार कानाची, तिच्यामागे बरेचदा एकच गोष्ट निघते: जंतूंची चिकट वस्ती, म्हणजे बायोफिल्म. तिच्याबद्दल लोक जे विचारतात ते इथे एका जागी केलं आहे. ही माहिती डॉक्टरच्या तपासणीऐवजी वापरायची नाही, दवाखान्यात काय विचारायचं ते कळावं म्हणून वाचायची.

बायोफिल्म म्हणजे नेमकं काय?

जंतू म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पाण्यात सुटे सुटे पोहणारे ठिपके येतात. जंतू तसेही असतात, पण फार वेळ नाही. बसायला ओलसर पृष्ठभाग मिळाला की ते चिकटतात, वाढतात आणि आपल्याभोवती चिकट पदार्थ सोडतात. त्यात शर्करांच्या लांब साखळ्या असतात, प्रथिनं असतात आणि मेलेल्या जंतूंमधून बाहेर पडलेला डीएनएसुद्धा असतो. या चिकट थरात एकत्र राहणारी जंतूंची वस्ती म्हणजे बायोफिल्म. तिच्यात एकाच जातीचे जंतू असतात असंही नाही, अनेक जाती एकत्र नांदतात. ते रासायनिक खुणांनी एकमेकांचा अंदाज घेतात आणि संख्या पुरेशी झाली की सगळ्यांचं वागणं बदलतं. वस्ती जुनी झाली की काही जंतू सुटून दुसरीकडे जातात आणि तिथे बस्तान मांडतात.

वरूड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदारांना हे पाहायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. ठिबकच्या लॅटरलचं शेवटचं टोक सोडलं की आधी तपकिरी, लिबलिबीत पाणी येतं, मग साफ येतं. नळी चिरून आत बोट फिरवलं तर बुळबुळ हाताला लागते. ती बायोफिल्मच. नुसतं पाणी जोरात सोडून ती पूर्ण निघत नाही, म्हणून तर क्लोरीन सोडावं लागतं, आणि क्षार बसले असतील तर आम्ल. माठाच्या तळाची बुळबुळ आणि सकाळी जिभेला दातांवर जाणवणारा थर, हेही तेच.

हे काही नवीन निघालं आहे का? आधी कोणी सांगत नव्हतं.

गोष्ट जुनी आहे, तिच्याकडे लक्ष उशिरा गेलं. १६८३ मध्ये हॉलंडच्या अँटनी व्हॅन लेव्हेनहुक यांनी स्वतःच्या दातांवरचा थर खरवडून भिंगाखाली पाहिला आणि त्यात वळवळणारे जीव त्यांना दिसले. पुढे त्यांनी व्हिनेगरने दात धुऊन पाहिले, तर थराच्या बाहेरचेच जीव मेले, आतले जिवंत राहिले. प्रतिजैविकं निघायला अजून अडीचशे वर्षं होती, पण आजच्या सगळ्या अडचणीचं सार त्या एका निरीक्षणात आहे.

त्यानंतर प्रयोगशाळांनी जंतू सुटे वाढवून त्यांचा अभ्यास करायची पद्धत लावली आणि वस्तीचा विषय मागे पडला. तो पुन्हा पुढे आणला तो कॅनडाच्या बिल कॉस्टर्टन यांनी. त्यांचा १९७८ चा लेख आणि १९९९ मध्ये 'सायन्स'मध्ये सहकाऱ्यांसोबत लिहिलेला निबंध यांनी चिवट, जुनाट जंतुसंसर्गामागे बायोफिल्म असते ही कल्पना वैद्यकात रुजवली.

इतक्या भारी गोळ्या, सुया घेतल्या तरी जंतू मरत का नाहीत?

कारण एक नाही.

पहिली गोष्ट, चिकट थरातून औषध आत शिरायला वेळ लागतो. काही औषधं थरातल्या द्रव्यांनाच चिकटून अडकतात. पण सगळ्या औषधांच्या बाबतीत हे खरं नाही. बरीच औषधं आत पोचतात आणि तरीही जंतू जगतात. लोक "कवच असतं, औषध शिरत नाही" एवढंच सांगून मोकळे होतात, ते अर्धंच उत्तर आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वस्तीच्या खोलात प्राणवायू कमी, अन्न कमी. तिथले जंतू वाढ थांबवून पडून राहतात. आपली बहुतेक प्रतिजैविकं जंतू वाढत असताना, भिंत किंवा प्रथिनं बनवत असताना वार करतात. जो काही बनवतच नाही त्याच्यावर ती काय वार करणार? आयरिश शास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्येच दाखवलं होतं की पेनिसिलिनने जवळजवळ सगळे स्टॅफिलोकॉकस (पू करणारे एक प्रकारचे जंतू) मरतात, पण अगदी थोडे उरतात. त्या उरलेल्यांची पिल्लावळ पुन्हा पेनिसिलिनने मरते, म्हणजे ते औषधाला पुरून उरणाऱ्या वेगळ्या जातीचे नव्हते, नुसते दडून बसलेले होते. बायोफिल्ममध्ये असे दडलेले भरपूर असतात. गोळ्या थांबल्या की ते उठतात.

तिसरं, आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना ही वस्ती गिळता येत नाही. त्या तिथे जमतात, आपली तीव्र रसायनं सोडतात आणि त्यात जंतूंपेक्षा आजूबाजूच्या आपल्याच ऊतींचं नुकसान जास्त होतं. जखम वर्षभर लाल, ओली राहते ती बऱ्याच अंशी यामुळे.

सुट्या जंतूला मारायला जेवढं औषध लागतं त्याच्या शंभरपट, कधी हजारपट तेच जंतू बायोफिल्ममध्ये सहन करतात. तेवढा डोस माणसाला देता येत नाही, जंतूंच्या आधी मूत्रपिंडं जातील.

म्हणजे हे औषधाला दाद न देणारे जंतूच ना?

नाही, पण नातं आहे. दाद न देणारा जंतू सुटा असला तरी त्या औषधाने मरत नाही, कारण त्याच्या जनुकांतच बदल झालेला असतो. बायोफिल्ममधला साधा जंतूही वाचतो, तो राहत्या जागेमुळे. तिथून बाहेर काढला की तोच जंतू साध्या औषधाने मरतो. पण अर्धवट डोसांच्या माऱ्यात जे टिकतात त्यांच्यात खरा बदल होण्याची संधी वाढते, आणि दाटीवाटीने राहणारे जंतू जनुकांची देवाणघेवाणही करतात. म्हणून औषधाच्या दुकानातून दर पंधरा दिवसांनी नवी पाकिटं आणणं म्हणजे जखम तशीच ठेवून जंतू तयार करणं.

शुगर आहे. वावरात पऱ्हाटीचं खुट पायात गेलं, दुखलंही नाही. आता दोन महिने झाले, भरत नाही. काय करावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो.

"दुखलंही नाही" या शब्दांत निम्मं निदान झालं. जुन्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. डवरणीच्या दिवसांत खुट घुसतं, उन्हाळ्यात ४५ अंशांवर तापलेल्या मातीत अनवाणी चालून तळवा भाजतो, चपलेचा खिळा वर आलेला असतो, आणि माणसाला संध्याकाळी रक्ताचा डाग पाहूनच कळतं. दुखत नाही म्हणून तो त्याच पायावर निंदण करतो, पाणी देतो, बाजार करतो. प्रत्येक पावलाला जखम दाबली जाते. वाढलेल्या साखरेमुळे पांढऱ्या पेशी सुस्त, आणि रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर रक्तही पोचत नाही. बस्तान मांडायला जंतूंना याहून चांगली जागा नाही.

जुनाट आणि ताज्या जखमांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारा एक अमेरिकी अभ्यास २००८ मध्ये आला. ५० जुनाट जखमांपैकी ३० मध्ये बायोफिल्म दिसली, १६ ताज्या जखमांपैकी फक्त एकीत.

उपचाराचा क्रम लोक उलटा धरतात. आधी गोळी, मग पट्टी, आणि शेवटी "जमलं तर" आराम. पायावरचा भार कमी करणं, मेलेला भाग काढणं, साखर आटोक्यात आणणं आणि रक्तपुरवठा तपासणं ही चार कामं आधीची आहेत. प्रतिजैविक यांच्या सोबतीला, आणि तेही लाली पसरत असेल, ताप असेल, पू वाढत असेल किंवा हाडापर्यंत गेलं असेल तरच. नुसती ओली, पण न पसरणारी जखम असेल तर पोटातून प्रतिजैविक लागतंच असं नाही. गोळी न देणारा डॉक्टर पैसे वाचवतोय किंवा त्याला समजत नाही, असं समजू नका.

भार कमी करणं म्हणजे "घरी बसा" असं म्हणून भागत नाही, पेरणीच्या तोंडावर कोण बसतं? म्हणून प्लास्टर आहे, विशेष बूट आहेत. हे आपल्या भागाला नवं नाही. वर्ध्याजवळचं दत्तपूर, वरोऱ्याचं आनंदवन इथे कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांची काळजी अनेक दशकं घेतली गेली आहे. कुष्ठरोगात बोटं 'सडून' गळतात हा समज वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी खोडून काढला. बधिर पायावर रोज दाब आणि इजा होत राहते, त्यातून जखम होते, जखमेतून हाड जातं. मधुमेही पायाची गोष्ट तीच आहे, आणि मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला दोघांनाही कामी येतात.

रोज झोपण्यापूर्वी दोन्ही तळवे आरशात पाहा किंवा घरच्याला पाहायला सांगा. बोटांच्या बेचक्यांतही.

ड्रेसिंगला गेलो तर जखम खरवडून रक्त काढतात. भरत आलेली जखम पुन्हा का उकरतात?

भरत आलेली नव्हती म्हणून. जखमेवर जो पिवळसर, चकाकता, पुसला तरी निघत नाही असा थर असतो, त्याला बरेच जण नवी कातडी समजतात. तो मेलेल्या ऊतींचा, फायब्रिनचा (रक्त गोठताना होणाऱ्या तंतूंचा) आणि जंतूंचा थर असतो. अनुभवी ड्रेसर क्युरेटने, म्हणजे खरवडायच्या चमच्यासारख्या हत्याराने, तो काढत जातो आणि खाली लाल, दाणेदार, टिपटिप रक्त येणारं मांस लागलं की थांबतो. कडेचं पांढरं, कडक घट्टंही कापतो. बधिर पायाला हे फारसं दुखत नाही, दुखत असेल तर भूल द्यायला सांगा, लाजू नका.

एकदा केलं की झालं, असंही नाही. खरवडल्यानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत उरलेले जंतू उघडे आणि वाढते असतात, औषधाला लगेच बळी पडतात. तीन दिवसांत वस्ती पुन्हा चिवट होते. म्हणून खरवडणं पुन्हा पुन्हा, साधारण दर आठवड्याला करावं लागतं आणि आयोडीन किंवा चांदीयुक्त ड्रेसिंग त्या सुरुवातीच्या दिवसांतच जास्त उपयोगी पडतं. आठवडाभर नुसती पट्टी बदलत राहायची आणि थर तसाच ठेवायचा, हे ड्रेसिंग नव्हे.

एक सावधगिरी: पायाला रक्तच पोचत नसेल, पाय गार आणि काळपट असेल, घोट्याजवळची नाडी लागत नसेल, तर आधी रक्तवाहिन्यांची तपासणी. रक्त नसलेल्या पायाला खरवडलं तर जखम वाढते.

हळद, कंबरमोडीचा पाला, चुना, राख... काय लावलं तर चालतं?

ताज्या, उथळ खरचटण्यावर स्वच्छ धुऊन कंबरमोडीचा रस लावणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यावरून कोणी भांडू नये. पण दोन महिन्यांच्या खोल जखमेत पाला, हळदपूड, कॉफी, राख यांतलं काहीही भरलं की तो कचरा होतो, आणि कचऱ्यावर बायोफिल्म आणखी छान बसते. चुना आणि तंबाखू जखम जाळतात. शेण लावलं तर धनुर्वाताला आमंत्रण. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस दिसायला समाधानकारक असतो, पण तो रोज वापरला तर नव्या पेशीही मरतात.

मधाबद्दल विचारतात. वैद्यकीय वापरासाठी निर्जंतुक केलेला मध काही जखमांत खरंच वापरतात. मोहोळ पिळून आणलेला मध तो नव्हे.

धुवायला काय? उकळून गार केलेलं पिण्याचं पाणी पुरतं. विहिरीचं, नाल्याचं, कॅनॉलचं नको.

पू तपासायला दिला, रिपोर्टमध्ये जंतू वाढलेच नाहीत. मग पू कसला?

वस्तीत चिकटून, पडून असलेले जंतू प्रयोगशाळेतल्या वाटीत लवकर वाढत नाहीत, आणि आधीच गोळ्या चालू असतील तर आणखीच नाहीत. शिवाय कापसाच्या बोळ्यावर वरवरचा पू येतो, खोलातला जंतू येत नाही. जखम धुऊन, खरवडून, आतल्या ऊतीचा बारीक तुकडा दिला तर रिपोर्ट कामाचा निघतो. शक्य असेल तर नमुना घेईपर्यंत नवं प्रतिजैविक सुरू करू नये.

उलटही घडतं. रिपोर्टमध्ये चार जंतू, त्यांची लांबलचक औषधयादी, आणि त्यातलं एक औषध 'चालणारं' म्हणून दिलेलं. ती चाचणी सुट्या जंतूंवर केलेली असते. वस्तीत तेच औषध चालेलच, याची हमी नाही.

महिनोन्‌महिने वाहणाऱ्या भोकाच्या पुवाची क्षयरोगासाठी तपासणी झाली आहे का, हे मात्र जरूर विचारा. आपल्याकडे ते विसरून चालत नाही.

पोराचा कान वर्षभरापासून वाहतो. लसणाचं तेल कोमट करून टाकतो, तेवढ्यापुरतं थांबतं.

तेल टाकणं थांबवा. पडद्याला छिद्र असेल तर तेल थेट मध्यकर्णात जातं.

कानात पाणी साचणाऱ्या किंवा वारंवार कान दुखणाऱ्या २६ मुलांच्या मध्यकर्णाच्या अस्तराचे ५० नमुने अमेरिकेत तपासले गेले, त्यांपैकी ४६ मध्ये बायोफिल्म सापडली. हा अभ्यास २००६ चा. वर्षानुवर्षं वाहणाऱ्या कानातही हाच प्रकार असतो. म्हणून पोटातल्या गोळ्यांपेक्षा कान कोरडा करणं आणि थेंब टाकणं जास्त परिणामकारक ठरतं. स्वच्छ सुती कापडाची किंवा टिश्यू कागदाची वात करायची, अलगद कानात धरायची, ओली झाली की बदलायची, कोरडी निघेपर्यंत. मग डॉक्टरने दिलेले थेंब. काडी, पिन, कोंबडीचं पीस यांतलं काहीही नको. विहिरीत, तलावात पोहणं बंद, आंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा.

स्रावाला घाण वास असेल, चक्कर येत असेल, कानामागे सूज असेल किंवा चेहरा एका बाजूला वाकडा वाटत असेल तर थेंबांवर थांबू नका. हाड खाणारा प्रकार असू शकतो, त्याला शस्त्रक्रियाच लागते.

म्हाताऱ्या वडिलांना लघवीची नळी लावली आहे. लघवी गढूळ दिसली की मेडिकलवाला गोळ्या देतो. बरोबर आहे?

बहुतेक वेळा नाही. नळीवर बायोफिल्म बसणारच. नळी घातल्यावर दररोज साधारण ३ ते ७ टक्के लोकांच्या लघवीत नव्याने जंतू येतात, महिन्याभरात जवळजवळ सगळ्यांच्याच. ताप नाही, थंडी वाजत नाही, पोटात दुखत नाही, माणूस गोंधळल्यासारखा करत नाही, तर गढूळपणासाठी प्रतिजैविक द्यायचं नसतं. ते दिलं की पुढच्या खेपेला चालणारं औषध उरत नाही.

ताप आला तर मात्र औषधासोबत नळीही बदलावी लागते. जुनी नळी तशीच ठेवली की वस्ती तशीच राहते. काही जंतू, विशेषतः प्रोटीअस, युरियाचं विघटन करून लघवी अल्कधर्मी करतात, मग क्षारांचे खडे जमून नळी तुंबते. पुन्हा पुन्हा तुंबत असेल तर त्यामागे हेच असतं.

पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या खाली ठेवा, पण जमिनीवर टेकू देऊ नका. खाटेच्या माच्याला लटकवा. आणि दर भेटीला एकच प्रश्न विचारा: नळी अजून लागतेच का?

मोटारसायकलवरून पडून पायात रॉड टाकला. दीड वर्षाने भोक पडून पू येतो. रॉड काढावा लागेल?

बहुधा, पण कधी काढायचा ते हाड जुळलं की नाही यावर ठरतं. धातूला रक्तपुरवठा नसतो, त्यावर बसलेल्या वस्तीपर्यंत शरीराची कुमक पोचत नाही. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच संसर्ग झाला आणि रॉड घट्ट असेल, तर आत धुऊन, खरवडून तो वाचवता येतो. अशा वेळी स्टॅफिलोकॉकस असेल तर रिफॅम्पिसिन दुसऱ्या औषधासोबत देतात. १९९८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या चाचणीत याचा फायदा दिसला. एकटं रिफॅम्पिसिन कधीच नाही, जंतू पटकन दाद द्यायचं सोडतो, आणि ते क्षयाचंही औषध आहे.

दीड वर्षानंतर आणि हाड जुळलेलं असेल तर रॉड काढणं, मेलेलं हाड काढणं हाच रस्ता. जुळलेलं नसेल तर अस्थिरोगतज्ज्ञ बाहेरून रिंगा लावून हाड धरतात. भोकावर मलम लावत राहिल्याने काही होत नाही. भोक बंद झालं म्हणजे बरं झालं, हाही भ्रम. आत पू साठतो आणि दुसरीकडून फुटतो.

तळपायाला गाठी झाल्या, त्यातून काळे दाणे निघतात. हे काय?

हा मायसेटोमा असू शकतो, 'मदुरा फूट' म्हणतात तो. मदुराईत १८४२ मध्ये त्याची वैद्यकीय नोंद झाली, त्यावरून नाव पडलं. काट्याने टोचल्यावर मातीतली बुरशी किंवा जंतू आत जातो, वर्षानुवर्षं हळूहळू पसरतो. ते दाणे म्हणजे घट्ट बांधलेली जंतूंची किंवा बुरशीची वस्तीच. दुखत कमी, म्हणून लोक उशिरा येतात. दाणे फेकू नका, स्वच्छ डबीत घेऊन जा. काळे दाणे बुरशीकडे बोट दाखवतात, पण खात्री तपासणीनेच होते. जंतू निघाला तर लांबलेल्या प्रतिजैविकांनी बरं होतं, बुरशी निघाली तर उपचार वेगळे आणि जास्त अवघड.

सिकलसेलच्या मुलाला हाडात पू झाला म्हणतात. याचाही यात संबंध आहे का?

आहे. सिकलसेलमध्ये हाडाच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, हाडाचा तुकडा मरतो आणि तिथे जंतू ठाण मांडतात, साल्मोनेला आणि स्टॅफिलोकॉकस हे मुख्य. सिकलची नेहमीची कळ आणि हाडातला संसर्ग सुरुवातीला सारखेच वाटतात. एकाच जागी दुखणं, सूज आणि उतरत नसलेला ताप असेल तर वेदनाशामकावर दिवस काढू नका.

पित्ताच्या खड्यांनी टायफॉइड पुन्हा पुन्हा होतो हे खरं?

टायफॉइडचे जंतू पित्ताशयातल्या खड्यांवर बायोफिल्म करून राहू शकतात हे दिसलं आहे. असा माणूस स्वतः ठणठणीत असतो आणि शौचावाटे जंतू पसरवत राहतो. पण गावात दर तापाला 'टायफॉइड' म्हणतात आणि रक्ताच्या विडाल चाचणीवर विसंबतात, ती चाचणी फार फसवी आहे. खड्यांना दोष देण्याआधी तो टायफॉइडच होता का, ते पाहा.

खर्रा खातो, हिरड्यांतून रक्त येतं. दात साफ केले की सैल होतात म्हणतात.

दातांवरचा थर ही माणसाच्या शरीरातली सगळ्यात चांगली अभ्यासलेली बायोफिल्म. रोज घासून निघते, राहिली की क्षार बसून टणक होते, मग ब्रशने निघत नाही. ती हिरड्यांखाली सरकते आणि दात धरणारं हाड झिजवते. दवाखान्यात थर काढल्यावर दात हलतो, कारण तो आधीच सैल झालेला असतो आणि त्या थरानेच अडकून राहिलेला असतो. साफ करण्याने सैल होत नाही. हिरड्यांच्या आजाराने साखर वाढते आणि साखरेने हिरड्या बिघडतात, म्हणून मधुमेह्याने हे टाळू नये. तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, गालात पांढरा चट्टा असेल तर मामला हिरड्यांचा उरत नाही, लगेच दाखवा.

माठात, टाकीत बुळबुळ येते. त्याने असे आजार होतात का?

जुनाट जखमा होत नाहीत. पण पोटाचे जंतू त्या थरात तग धरतात, म्हणून माठ नुसता विसळायचा नाही, आतून घासायचा आणि उन्हात वाळवायचा. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक प्राण्यांच्या अंगावर वस्ती करून असतात. बांगलादेशात जुन्या सुती साडीच्या अनेक घड्यांतून पाणी गाळल्यावर कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी झाला, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या आज्या पाणी गाळत होत्याच. गाळून झाल्यावर क्लोरीन टाकायचं.

मग सगळ्या बायोफिल्म वाईटच?

सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम लावता ना? तो जंतूही मुळांना आधी असाच चिकटतो, मग गाठी करतो.

यूट्यूबवर 'बायोफिल्म तोडणाऱ्या' पावडरी दाखवतात. घ्याव्या का?

नाही. प्रयोगशाळेच्या बशीत थर तोडणारे पदार्थ पुष्कळ सापडले आहेत. ते गिळून पायाच्या जखमेतली किंवा रॉडवरची बायोफिल्म जाते, असं सिद्ध झालेलं नाही. त्या जाहिरातींत '८० टक्के आजार बायोफिल्मने' असा आकडा असतो. तो मुळात जंतुसंसर्गांबद्दलचा ढोबळ अंदाज आहे, मोजणी नाही, आणि 'सगळे आजार' तर मुळीच नाही. तेवढ्या पैशांत एक चांगली चप्पल येते.

गावातलं ड्रेसिंग पुरे, आता मोठ्या दवाखान्यात जायचं, हे कसं ओळखावं?

नीट ड्रेसिंग होऊन, भार कमी करूनही चार आठवड्यांत जखमेचा आकार निम्मा झाला नाही तर. ड्रेसिंग करताना डॉक्टरने जखमेत तपासायची सळई घातल्यावर हाडाला टक लागत असेल तर. लाली रोज पुढे सरकत असेल, बोट काळं पडलं असेल, ताप आणि गुंगी असेल तर त्याच दिवशी, रात्र झाली असली तरी. वर्षानुवर्षांच्या जखमेची कड फुलकोबीसारखी वर येऊ लागली तर कर्करोगासाठी तुकडा तपासायलाच हवा.

सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ किंवा नागपूरचं मेडिकल, जिथे जाल तिथे आतापर्यंतच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, जुने एक्स-रे आणि साखरेचे रिपोर्ट पिशवीत घालून न्या. आठवत नसलेल्या औषधांची नावं त्या पाकिटांवर असतात, आणि काय देऊन झालं आहे हे कळल्याशिवाय तिथला डॉक्टरही पुन्हा पहिल्यापासूनच सुरू करतो.